बिनकामाचे दोन दिवस

माहेरपण हा शब्द मराठीने मोठ्या मायेने घडवला आहे. सासुरवाशीण लेक आईच्या घरी येते, उशिरा उठते, तिच्यापुढे आयते ताट येते आणि चार दिवसांनी ती पुन्हा आपल्या संसाराला लागते. या शब्दाभोवती गाणी रचली गेली, सण बसवले गेले. गौरीसुद्धा आपण माहेरवाशीण म्हणूनच घरी आणतो. या साऱ्या चित्रात आई कोठे असते, हे मात्र सहसा विचारले जात नाही. ती स्वयंपाकघरात असते. लेकीचा विसावा आईच्या कष्टांवर उभा असतो. दोघी एका छपराखाली असतात, पण दोघींना एकाच वेळी निवांतपणा मिळाला असे क्वचितच घडते. म्हणूनच माय-लेकींनी दोन दिवस घर मागे ठेवून, कोणतेही काम न काढता, कोठेतरी जाऊन यावे, ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट आम्हांला विचार करण्याजोगी वाटते.

माय-लेकींचा सहवास आपल्याकडे कमी होता, असे कोणी म्हणणार नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या; त्यांच्या कितीतरी आधी साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचे संकलन केले होते. आई आणि लेक हा या ओव्यांचा कधीही न आटणारा विषय आहे. मात्र हे सारे जेथे बोलले गेले ती जागाही ध्यानात घ्यावी: अंधारी पहाट, खुंट्यावर हात आणि उजाडण्यापूर्वी संपवायचे दळण. मन मोकळे होत होते ते हात गुंतलेले असतानाच.

सिन्नरमध्ये जाते कधीच मागे पडले, पण ही रीत मागे पडली नाही. सिन्नर ही विडी कामगार स्त्रियांचीही वस्ती आहे. मांडीवर सूप घेऊन पाने कापायची, तंबाखू भरायचा, विडी वळायची, दोरा गुंडाळायचा, हे काम घराच्या ओट्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. हात थांबले की मोजणीही थांबते. आईच्या शेजारी बसूनच कित्येक लेकी हे काम शिकल्या. त्या दोघी दिवसाचे कितीतरी तास एकमेकींजवळ असतात आणि दोघींच्याही नजरा सुपात असतात. अशा घरात माय-लेकींना ‘एकमेकींसाठी वेळ काढा’ असा उपदेश करणे हास्यास्पद ठरेल. वेळ त्या एकत्रच घालवतात. त्या वेळावर त्यांचा अधिकार तेवढा नसतो.

घराबाहेर पडायचे तर बाईला कारण लागते. वर्गात आईच्या प्रवासाचा विषय काढला की मुली सांगतात त्या जागा ठरलेल्या असतात: वणीची सप्तशृंगी, शिर्डी, पंढरपूर, नात्यातले लग्न, बहिणीचे बाळंतपण, नाशिकचा दवाखाना. देव, नातेवाईक आणि आजार या तीन परवान्यांवर आपल्या आया हिंडल्या. इतिहासातही निराळे दिसत नाही. पंडिता रमाबाई लहानपणापासून आई लक्ष्मीबाईंबरोबर देशभर हिंडल्या, पण ती पुराणे सांगत केलेली तीर्थयात्रा होती आणि १८७४ साली, दुष्काळाच्या काळात, त्यांनी आईवडिलांना गमावले. पुढे १८८३ मध्ये त्याच रमाबाई छोट्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, तेथून १८८६ मध्ये अमेरिकेला. या दोन्ही प्रवासांची थोरवी कोण नाकारील? पण एक पोटासाठी आणि पुण्यासाठी होता, दुसरा ज्ञानासाठी आणि कार्यासाठी. नुसते बरे वाटावे म्हणून माय-लेकी निघाल्या, अशी नोंद करावी असे कोणाला वाटलेच नसावे.

या पार्श्वभूमीवर अलीकडच्या एका सरकारी निर्णयाकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. त्याआधी, २६ ऑगस्ट २०२२ पासून, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला होता. म्हणजे सत्तरीतली आई आणि पंचेचाळिशीतली लेक आता मिळून एकाच तिकिटाच्या पैशांत जाऊन येतात. या सवलतीवर तोट्याची चर्चा पुष्कळ झाली. जिच्या हाती स्वतःचे पैसे थोडेच असतात, तिला नवऱ्याकडे किंवा मुलाकडे हात न पसरता गाडीत बसता येते, या लाभाचा हिशेब त्या चर्चेत क्वचितच मांडला गेला.

आणि जायचे ते लांबच पाहिजे असे नाही. सिन्नर नाशिकपासून जेमतेम ३० किलोमीटरवर आहे. शिर्डीला निघालेल्या असंख्य गाड्या याच गावावरून पुढे जातात. यादवांच्या आरंभीच्या राजधानीचा मान सांगणाऱ्या या गावात गोंदेश्वराचे भूमिज शैलीतले शैव पंचायतन आहे. उंच जोत्यावर मध्ये महादेव, समोर नंदीमंडप आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, सूर्य आणि पार्वती यांची छोटी देवळे. प्रांगण ऐसपैस आहे. एरवीच्या दिवशी येथे दर्शनाची रांग नसते, मागून कोणी ‘चला, पुढे चला’ म्हणत नाही. वेळ झाली म्हणून उठावे लागत नाही अशा जागी दगडावर टेकून आई काय बोलेल, हे लेकीलाही आधी ठाऊक नसते. कदाचित ती काहीच बोलणार नाही. तेही चालेल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हे सुखवस्तू घरांचे चोचले आहेत. खास स्त्रियांच्या सहली विकणाऱ्या कंपन्यांनी त्यांना हवा दिली आहे. यात तथ्य आहे. अर्ध्या तिकिटाने प्रवासखर्च कमी झाला, पण विडी वळणाऱ्या बाईचा बुडालेला रोज त्याने भरून निघत नाही. नोकरदार लेक रजा टाकते. तिच्या रजेचा पगार चालू असतो. हातावर पोट असलेल्या माय-लेकींना त्याच दोन दिवसांची किंमत दोन जणींच्या मजुरीने मोजावी लागते. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘म्हणून ही चैन सोडा’ असा नसावा. विसावा ही गरज आहे हे मान्य केले, तर घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रीलाही भरपगारी सुटी का नसावी, हा प्रश्न अटळ होतो. तो विचारण्याचे धैर्य दाखवणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे.

दुसरा आक्षेप खुद्द आईच घेते. ‘मला गं आता कुठे जायचंय? आणि घरचं कोण बघेल?’ या वाक्याला आपण तिची निरिच्छता समजतो. आयुष्यभर जिची इच्छा कोणी विचारली नाही, तिला एकदम विचारले तर ती दुसरे काय सांगणार? ‘आई गेली की माहेर संपले’ असे आपण म्हणतो. या आईचे माहेर बहुधा केव्हाच संपलेले असते. तिला माहेरपण द्यायला आता जगात एक लेकच उरलेली असते.

अधिक महिन्यात लेकीने आईची ओटी भरायची रीत आपल्याकडे आहे. म्हणजे देणारी लेक आणि घेणारी आई हे उलटे नाते परंपरेला अगदीच अपरिचित नाही. त्या ओटीसोबत दोन दिवसांचा निवांतपणा द्यावा, एवढेच आमचे म्हणणे. लेकीने तिकिटे काढावीत, पिशवी स्वतः उचलावी आणि घरातल्या पुरुषांनी त्या दोन दिवसांत आपापले ताट आपणच वाढून घ्यावे.