वरचं मत, खालचं मत

नांदेडात त्या रात्री गुलाल दोन्हीकडून उडत होता. २३ नोव्हेंबर २०२४. एका गल्लीत आमदार निवडून आल्याचा डीजे, पुढच्या गल्लीत खासदार निवडून आल्याचे फटाके, आणि मधल्या पानटपरीवर उभी असलेली माणसं दोन्ही मिरवणुकांना ओळखीची. काहींनी दोन्हीकडचे पेढे खाल्ले. मीही खाल्ले, खोटं कशाला बोलू?

नांदेडबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. जून २०२४ मध्ये काँग्रेसचे वसंतराव चव्हाण भाजपच्या प्रतापराव चिखलीकरांना ५९,४४२ मतांनी हरवून खासदार झाले. ऑगस्टमध्ये ते वारले. पोटनिवडणूक आली ती विधानसभेसोबतच, २० नोव्हेंबरला. म्हणजे बोटाला शाई एकदा आणि बटणं दोनदा: पांढऱ्या मतपत्रिकेवरचं बटण दिल्लीसाठी, ते वरचं; गुलाबीवरचं मुंबईसाठी, ते खालचं. निकाल असा लागला की भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड, लोकसभेच्या पोटातले हे सहाच्या सहा विधानसभा मतदारसंघ महायुतीने जिंकले. आणि त्याच मतदारांनी, त्याच दिवशी, त्याच शाळांच्या खोल्यांतून लोकसभेवर वसंतरावांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण यांना पाठवलं. काँग्रेसला ५,८६,७८८ मतं, भाजपच्या संतुकराव हंबर्डेंना ५,८५,३३१. फरक १,४५७.

सहा आमदार एका बाजूचे, खासदार दुसऱ्या बाजूचा. दुसऱ्या दिवसापासून या निकालाचे जे अर्थ सांगितले गेले, ते ऐकून माझं डोकं फिरलं. अजून ताळ्यावर आलेलं नाही.

पहिला अर्थ हरलेल्यांचा: मशीनमध्ये घोळ आहे. राज्यात काँग्रेस १६ जागांवर आली, भाजप १३२ वर गेला, तेव्हा असं वाटणं समजू शकतो. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने तर आपल्या खर्चाने कागदाच्या मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं आणि प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. शंका घ्यावी, जरूर घ्यावी, यंत्र काही देव नाही. पण भाऊसाहेब, नांदेडात दोन मशीन एकाच खोलीत, हातभर अंतरावर, एकाच केंद्राध्यक्षाच्या नजरेखाली होती. त्यातल्या खालच्या मशीनला चोर म्हणायचं आणि वरच्या मशीनची आरती ओवाळायची? खासदारकीचं प्रमाणपत्र हातात घेताना मशीनचा विटाळ झाला नाही तो?

दुसरा अर्थ जिंकलेल्यांचा: जनतेने कामावर शिक्कामोर्तब केलं. कोणत्या जनतेने? सहा ठिकाणी जिने हो म्हटलं तिनेच सातव्या ठिकाणी नाही म्हटलं. सहा वेळचा होकार म्हणजे जनादेश आणि सातव्या वेळचा नकार म्हणजे 'थोडक्यात गेली हो सीट', हा कुठला न्याय? आपल्या लेकराला गणितात पस्तीस मिळाले की मास्तर चांगला आणि इंग्रजीत चौतीस मिळाले की पेपर अवघड, तशातली गत.

पण मला खरा राग आहे तो तिसऱ्या अर्थाचा. तो आमच्यासारख्या लिहित्या माणसांनी काढला: नांदेडचा मतदार किती सुज्ञ! राज्याचा विचार वेगळा, देशाचा विचार वेगळा! लोकशाही किती परिपक्व झाली! वाचून अंगावर मूठभर मांस चढावं असं कौतुक. मी या गावात साठ वर्षं काढली आहेत, त्यातली तीस शाळामास्तर म्हणून, आणि सात-आठ निवडणुकांत पेट्या नि मशीन उचलून तांड्यावाड्यांवर गेलो आहे. मला या परिपक्वतेचा वास ओळखीचा आहे. तो वास मनाच्या मोठेपणाचा नाही, अडलेल्या कामाचा आहे.

आमच्या गल्लीतल्या मावशींना मी विचारलं होतं, मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी. मत कोणाला दिलं असं विचारू नये हे मला कळतं. पण त्यांनी आपणहूनच सुरुवात केली. "सर, खालचं त्यायला देलं, वरचं ह्यायला देलं. खात्यात पंधराशे आलेत का नाही? मंग? आन् वरचा बिचारा मरून गेला, त्याच्या लेकराला कोन बघल? दोघायचंबी मन राखलं बगा."

लाडकी बहीण योजनेवर ज्यांनी लेखांमागून लेख पाडले, त्यांना मावशीच्या या चार वाक्यांइतकं सुटसुटीत काही लिहिता आलेलं नाही. देणाऱ्याची परतफेड एका बटणाने, मेलेल्याचा दुखवटा दुसऱ्या बटणाने. मावशींचा हिशोब मला पटला नाही, तरी तो उघडा होता. लबाडी आमची होती, शिकलेल्यांची.

आता तीच सांगतो. आमदार म्हणजे आमच्या लेखी कोण? जळालेली डीपी बदलून आणणारा, तहसीलमध्ये अडकलेला फेरफार सोडवणारा, पोरीची बदली जवळच्या गावात करून देणारा, दवाखान्यात खाट मिळवून देणारा. कायदे करणं हे त्याचं काम आहे, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मी तीस वर्षं शिकवलं आणि वर्गाबाहेर पडल्यावर एकदाही पाळलं नाही. ही कामं कोण करतो? ज्याचं सरकार असतं तो. म्हणून विधानसभेला माणूस वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो आणि वारा जिकडे तिकडे बटण दाबतो. चिन्ह कुठलंही असो, विचार कुठलाही असो. सत्तेतला माणूस आपला असावा, एवढाच तो विचार.

आणि खासदार? खासदाराला वर्षाकाठी ५ कोटींचा निधी, पण त्यात सहा विधानसभा मतदारसंघ बसवायचे. एवढ्यात सभामंडप तरी किती होणार! रेल्वे, विमानतळ, जीएसटी या गोष्टी आमच्या रोजच्या अडचणीत येत नाहीत; येतात, पण खासदाराकडे जाऊन सुटत नाहीत हे आम्हाला पक्कं ठाऊक. म्हणजे वरच्या मतावर आमचं काहीच अडत नाही. आणि जिथे काहीच अडत नाही, तिथे आमच्यातला तत्त्वनिष्ठ माणूस जागा होतो. संविधान आठवतं, सोयाबीनचा भाव आठवतो, फोडाफोडीचा राग येतो, मेलेल्या खासदाराबद्दल डोळे ओले होतात. सदसद्विवेकबुद्धी वापरायला फुकट असली की आम्ही ती मनसोक्त वापरतो.

याला सुज्ञपणा म्हणता? आमच्याकडे याला एक जुना शब्द आहे: दोन दगडांवर पाय.

हे काही नांदेडचंच पाप आहे असंही नाही. १९९९ साली महाराष्ट्राने लोकसभा आणि विधानसभेसाठी एकत्र मतदान केलं. लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा शिवसेना-भाजपला दिल्या आणि विधानसभेत त्याच युतीला २८८ पैकी १२५ वर थांबवलं. मुख्यमंत्री झाले आमच्या शेजारच्या लातूरचे विलासराव. २०१९ साली साताऱ्यात तर आणखी बहार. मे महिन्यात घड्याळावर निवडून दिलेल्या उदयनराजेंनी कमळ हातात घेतलं, आणि ऑक्टोबरात विधानसभेसोबतच झालेल्या पोटनिवडणुकीत ते श्रीनिवास पाटलांकडून ८७,७१७ मतांनी पडले. त्याच दिवशी, त्याच साताऱ्यात, शिवेंद्रराजे त्याच कमळावर आमदार झाले. वरच्या राजांना नाही, खालच्या राजांना हो. साताऱ्याच्या निकालाचं श्रेय लोक अजून प्रचारातल्या त्या भर पावसातल्या सभेला देतात. पाऊस दोन्ही मशीनवर सारखाच पडला होता.

त्यामुळे 'एक देश, एक निवडणूक' म्हणून जे नाचतात आणि जे घाबरतात, दोघांचीही मला गंमत वाटते. निवडणुका एकत्र झाल्या तर ७७ टक्के शक्यता अशी की मतदार दोन्हीकडे एकच पक्ष निवडेल, असं आयडीएफसी इन्स्टिट्यूटने २०१५ साली मांडलं होतं. असेलही. पण उरलेल्यांचा मुक्काम नांदेडात असतो.

आता या सगळ्यातली खरी मेख, जिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. लोक म्हणतात मतदाराने दोन मशीनमध्ये दोन वेगवेगळी मतं दिली. वेगवेगळी? जरा नावं वाचा. वरून निवडून आले रवींद्र चव्हाण, वसंतरावांचे चिरंजीव. भोकरमधून श्रीजया चव्हाण, अशोकरावांच्या कन्या. आजोबा शंकरराव मुख्यमंत्री, वडील मुख्यमंत्री, आई २०१४ ला याच भोकरच्या आमदार. देगलूरचे जितेश अंतापूरकर, दिवंगत आमदार रावसाहेब अंतापूरकरांचे चिरंजीव. २०२१ च्या पोटनिवडणुकीत हाताच्या पंजावर आले, २०२४ ला कमळावर आले. मुखेडचे तुषार राठोड, दिवंगत आमदार गोविंद राठोडांचे चिरंजीव. पंजा दाबा नाहीतर कमळ, वारस निघतोच. चिन्हं दोन दिसली तरी सातबारा एकच होता.

अशोकरावांचंच घ्या. २०१९ ला भोकरने त्यांना पंजावर ९७ हजारांहून जास्त मताधिक्याने निवडून दिलं. त्याच वर्षी लोकसभेला मात्र नांदेडने त्यांना चिखलीकरांपुढे पाडलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेवर पोचले. नोव्हेंबरात त्याच भोकरने कन्येला कमळावर आमदार केलं. भोकरच्या मतदाराने पक्ष बदलला असं कोणी म्हणत असेल तर त्याला भोकर कळलं नाही. भोकरने काहीच बदललेलं नाही. घराण्याने घर बदललं, मतदार सामान उचलून मागोमाग गेला. २०१७ ला नांदेड महापालिकेत काँग्रेसचे ८१ पैकी ७३ नगरसेवक आले तेव्हाही हेच सामान होतं. त्या वेळी प्रभागात प्रत्येकाने एकाहून जास्त बटणं दाबली आणि शहरभर एकाच पक्षाची दाबली. तेव्हा कोणी आम्हाला सुज्ञ म्हटलं नाही. बालेकिल्ला म्हटलं. किल्ला काय, दगडमातीचाच असतो.

आमच्या नांदेड दक्षिणची गोष्ट तर नाटककाराला सुचली नसती. वरच्या मशीनवर भाजपचे हंबर्डे. खालच्या मशीनवर काँग्रेसचे हंबर्डे, आमचे मावळते आमदार मोहनराव. आडनाव एक, चिन्हं दोन. मतमोजणी संपली तेव्हा वरचे हंबर्डे १,४५७ ने पडले, खालचे हंबर्डे शिंदेसेनेच्या आनंद बोंढारकरांपुढे २,१३२ ने पडले. त्या दिवशी दोन्ही पक्षांना सारखं दुःख देणारं दुसरं आडनाव राज्यात नसेल.

तर १,४५७. एका मतदान केंद्रावर जास्तीत जास्त १,५०० मतदार ठेवायचे, असा तेव्हाचा नियम. म्हणजे साडेअकरा लाखांहून जास्त माणसांनी दोघांत वाटलेल्या मतांचा निकाल एका शाळेच्या एका खोलीत मावला असता. एवढ्याशा फरकावर कोणी 'जनतेचा कौल' म्हणून छाती काढतो, कोणी 'लोकशाही वाचली' म्हणून डोळे पुसतो. त्या खोलीतल्या निम्म्याहून जरा जास्त माणसांनी त्या दिवशी दुसरं बटण दाबलं असतं तर छाती दुसऱ्याने काढली असती आणि डोळे पहिल्याने पुसले असते. अग्रलेख मात्र शब्दाचाही फरक न करता छापता आले असते.

आता माझं. दुसऱ्यांना नावं ठेवून झाल्यावर स्वतः नामानिराळा राहणं बरं नाही. मीही त्या दिवशी दोन वेगळी बटणं दाबली. वरचं मनाला विचारून, खालचं गल्लीतल्या डीपीला विचारून. व्हीव्हीपॅटच्या काचेमागे दोन्ही चिठ्ठ्या सात-सात सेकंद दिसल्या. पहिली पाहताना अभिमान वाटला, दुसरी पाहताना मी नजर वळवली. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला सात सेकंद फार लांब असतात.

आमदार आणि खासदार, दोघांचीही मुदत २०२९ पर्यंत आहे. डीपी मागच्या आठवड्यात पुन्हा जळाली. अर्ज घेऊन कोणाच्या दारात जायचं, यावर गल्लीत काल रात्री बैठक झाली, आणि सगळ्यांनी आपण मत कोणाला दिलं होतं ते अगदी ठासून सांगितलं. प्रत्येकाने फक्त खालचंच सांगितलं.