जीपची बॉडी उचलण्याआधी

दर्यापूर-बनोसा, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट या भागात ज्यांच्या दारात अजून जुनी महिंद्रा जीप, कमांडर किंवा सुरुवातीच्या काळातली बोलेरो उभी आहे, त्या सगळ्यांना ही विनंती. पावसाळा तोंडावर आला की गाडी उंच करायचा विचार डोक्यात येतो. मोबाइलवर व्हिडिओ दिसतात, मिस्त्रीही म्हणतो की बॉडी उचलून देतो. होकार देण्याआधी एकदा गाडीखाली वाका. वावराच्या वाटेवर आपली गाडी नेमकी कशाने अडते, ते पाहा.

या गाड्या दोन भागांच्या असतात. खाली लोखंडी चेसिस. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, अॅक्सल सगळं तिला धरून. वर बॉडी, आणि दोहोंच्या मध्ये रबरी बुश व आरपार बोल्ट. बॉडी लिफ्ट म्हणजे या बुशांपाशी एक, दोन किंवा तीन इंचांचे स्पेसर घालून फक्त वरचा भाग उचलणं. गाडी लांबून उंच दिसते, पण अॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. आणि आपल्या काळ्या मातीत गाडी बसते ती बहुतेक वेळा त्याच गोळ्यावर. ट्रॅक्टरने पांदणीत खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात. जीपची चाकं त्यांत उतरली की मधल्या उंचवट्यावर गोळा टेकतो आणि चाकं जागच्या जागी फिरत राहतात. बॉडी तीन इंच वर नेली तरी त्यात काही फरक पडत नाही. उंच पाटे टाकूनही पडत नाही.

गोळा वर न्यायचा तर मोठे टायर लागतात. दोन इंच जास्त व्यासाचा टायर गोळ्याला एक इंच उचलतो. मोठा टायर मडगार्डला घासू नये म्हणून जागा हवी, आणि बॉडी लिफ्टचा खरा उपयोग तेवढाच आहे. आपल्याकडे त्याला आणखी एक कारण आहे हेही मान्य करतो: काळा गारा टायरला थरावर थर चिकटत मडगार्डमध्ये कोंबला जातो आणि चाक जाम होतं. इंचभर मोकळीक तिथे कामाला येते. पण मोठ्या टायरचं ओझं ब्रेक, क्लच आणि स्टिअरिंगवर पडतं, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. वीस-पंचवीस वर्षं राबलेल्या गाडीला हे झेपेल का, याचा विचार मालकानेच करायचा आहे. माझ्या मते निम्म्याहून जास्त गाड्यांना खोल नक्षीचे चांगले टायर, आहे त्याच मापाचे, एवढं पुरेसं आहे.

आता खरी काळजीची गोष्ट. आपलं पूर्णेचं खोरं खारपाण पट्ट्यात येतं. इथल्या मातीत आणि पाण्यात क्षार आहेत, आणि क्षार असलेला ओला गारा लोखंडाला लागून राहिला की गंज लवकर चढतो. तो साचतो कुठे, तर चेसिसच्या कोपऱ्यांत आणि बॉडीच्या बोल्टांभोवती. म्हणजे ज्या जागांवर स्पेसर बसणार, नेमक्या त्याच जागा आतून पोखरलेल्या असतात. बोअरच्या खाऱ्या पाण्याने गाडी धुतली तर क्षार गाडीवरच राहतो. म्हणून लिफ्टचा पैसा हातात असेल तर पहिला खर्च इथे करा. गोड्या पाण्याने खालचा भाग धुवा, प्रत्येक माउंट हातोडीने ठोकून पाहा. आवाज बद्द आला, पापुद्रे पडले, तर आधी ते कापून नवं लोखंड लावा. झिजलेले बुश बदला. एवढ्यानेच गाडीचा खडखडाट थांबतो.

हे सगळं पाहूनही बॉडी उचलायचीच असेल, तर एक इंचावर थांबा. तीन इंच नकोच. लाकडाचे ठोकळे, पाइपचे तुकडे, वायसरांची चळत यांवर बॉडी ठेवू देऊ नका. लेथवर एकाच जाडीचे भरीव स्पेसर करून घ्या. बोल्ट स्पेसरच्या जाडीइतके जास्त लांब आणि 8.8 किंवा 10.9 ग्रेडचे घ्या, हा आकडा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो. बॉडी उचलताना स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकचे पाइप, क्लच आणि हँडब्रेकची केबल, डिझेल भरायचा पाइप आणि अर्थिंगची वायर ताणली जाते का, ते मिस्त्रीला एकेक करून दाखवायला सांगा. रेडिएटर बॉडीला धरून असेल तर तोही वर जाईल आणि पंखा त्याच्या कव्हरला लागेल. गिअरचा आणि फोर-व्हीलचा दांडा सगळ्या गिअरमध्ये पुरता बसतो ना, हे गाडी उभी असतानाच तपासा. थोडे दिवस चालवल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत मनाने फेरफार करता येत नाहीत. केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बेकायदा बदलाला मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला गाडी अडू शकते, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. त्यामुळे काम करण्याआधी आपल्या जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात विचारा. कायद्याशिवाय जिवाचाही प्रश्न आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत याच जीपमध्ये बायाबापड्या दाटीवाटीने बसतात. वर उचललेली, भरलेली गाडी मूर्तिजापूर रोडवर वळणात कशी झुकेल, याचा विचार करा.

आणि ज्या पांदणीपायी हा सगळा खटाटोप, तिच्यासाठीही बोला. 2021 मध्ये राज्यात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना सुरू झाली, रोजगार हमीच्या पैशाची तिला जोड होती. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला जा, आपल्या पांदणीचं नाव आराखड्यात आहे का ते विचारा. नसेल तर धुऱ्याला धुरा लागलेल्या सगळ्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन ठराव लिहून घ्या.