हनुवंतियाच्या धक्क्यावर एक पाटी हवी

प्रति,
माननीय पर्यटन मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

विषय : पर्यटक बोटींची सुरक्षा-श्रेणी प्रवाशांना दिसेल अशी जाहीर करण्याबाबत

महोदय,


थंडी पडू लागली की इंदूरच्या आमच्या विजयनगरातली मराठी कुटुंबे मुलाबाळांसह हनुवंतियाला निघतात. तिथले इंदिरा सागर धरणाचे अफाट पाणी इंदूरपासून काही तासांवर आहे, याचे आम्हाला अप्रूप आहे. जलपर्यटन वाढावे, नर्मदाकाठच्या तरुणांना त्यातून काम मिळावे, ही आमचीही इच्छा आहे. पण बोटीत माणसे किती बसतील, एवढेच विचारून भागत नाही. किती वाऱ्यात आणि किती उंच लाटेत ही बोट टिकेल, हेही प्रवाशाला तिकीट काढण्याआधी कळले पाहिजे.

धरणाचे पाणी समुद्र नव्हे, म्हणून ते निर्धोक वाटते. तो समज चुकीचा आहे. उघड्या पाण्यावर वाऱ्याला जितकी लांब धाव मिळते, तितकी लाट चढते. महाराष्ट्रात २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यांत चिमुकली मुलेही होती.

आपल्या राजधानीचे दुःखही ताजेच आहे. १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे भोपाळच्या खटलापुरा घाटावर गणपती विसर्जनाच्या वेळी नावा उलटून ११ तरुण गेले. केरळात तानूर येथे ७ मे २०२३ रोजी २२ जणांचा बळी घेणारी पर्यटक बोट मुळात मासेमारीसाठी बांधलेली होती. बडोद्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीला आलेली १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. कुठे वारा, कुठे गर्दी, तर कुठे भलत्याच कामासाठी बांधलेली बोट. ही बोट या पाण्यात, एवढा भार घेऊन सोडावी का, हे आधी कुणीतरी ठामपणे ठरवायला हवे होते.

युरोपीय संघात विक्रीला येणाऱ्या हौशी बोटींना अ, ब, क, ड अशा चार श्रेणींपैकी एक मिळते. सर्वांत खालची श्रेणी ताशी सुमारे २८ किलोमीटरपर्यंतचा वारा आणि साधारण फूटभर लाट यांपुरतीच असते. त्यापुढची श्रेणी दोन मीटरपर्यंतच्या लाटेसाठी. ही श्रेणी आणि माणसांची कमाल संख्या बोटीवरच्या पट्टीवर कायमची कोरलेली असते.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला. त्यानुसार यांत्रिक बोटीला नोंदणी, सर्वेक्षण प्रमाणपत्र आणि विमा बंधनकारक आहे. लाटांच्या उंचीनुसार जलक्षेत्रे ठरवून ती अधिसूचित करण्याचा अधिकारही राज्य शासनाकडे आहे. मात्र हे प्रमाणपत्र कार्यालयाच्या फाइलीत राहिले, तर धक्क्यावर उभ्या असलेल्या आईला त्याचा काय उपयोग?

म्हणून तीन मागण्या :

१. राज्यातील प्रत्येक पर्यटन जलाशय कोणत्या जलक्षेत्रात मोडतो, हे काठावर हिंदीत ठळक लिहावे.

२. प्रत्येक बोटीवर आणि तिकीट खिडकीवर तिची श्रेणी, प्रवाशांची कमाल संख्या, शेवटच्या सर्वेक्षणाची तारीख आणि प्रमाणपत्राची मुदत लावावी. वल्ह्याच्या नावाही यातून सुटू नयेत.

३. प्रत्येक धक्क्यावर वारा मोजण्याचे यंत्र असावे. ठरलेली मर्यादा ओलांडली की फेरी थांबवण्याचा अधिकार नावाड्याला असावा, आणि बुडालेल्या तिकिटांची भरपाई त्याच्या खिशातून होऊ नये.

लाइफ जॅकेट सक्तीचे असावेच. पण ते बोट उलटल्यानंतरचा आधार आहे. बोट उलटू नये, ही जबाबदारी त्याच्या आधी येते आणि ती शासनाची आहे.

या मागण्यांसाठी नवा कायदा लागत नाही. आहे त्या कायद्यातील माहिती लोकांसमोर आणण्याचा निर्णय तेवढा लागतो. तो येत्या हंगामापूर्वी घ्यावा आणि पहिली पाटी हनुवंतियाच्या धक्क्यावर लावावी, ही आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
विजयनगर, इंदूर येथील एक नागरिक