पाच कसोट्यांचा मास्तर

दरवर्षी पावसाळा सरत आला की आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक कागद लागतो. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल व क्रिकेट या संघांची निवड अमुक दिवशी होईल, इच्छुकांनी गणवेशासह हजर राहावे. आम्ही हजर राहतो. तासाभरात निवड होते, आठवड्याने संघ एस.टी.ने रवाना होतो, पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत हरतो आणि त्याच एस.टी.ने परत येतो. पुढे स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे सांगतात की या जंगलपट्टीतल्या मुलांच्या अंगात उपजत काटकपणा आहे. टाळ्या पडतात. या काटकपणाला खेळ शिकवणार कोण, हे पाहुणे सांगत नाहीत आणि आम्हीही कधी विचारीत नाही. ते विचारण्यासाठी हा लेख. मात्र त्यासाठी आधी थोडे क्रिकेटच्या वाटेने जावे लागेल.

१ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव केला आणि रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला. १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भ ही स्पर्धा खेळत होता. म्हणजे साठ वर्षे आपण दुसऱ्यांच्या विजयाच्या बातम्या वाचल्या. त्या सामन्यातील रजनीश गुरबानीची हॅट्‌ट्रिक, अक्षय वाडकरचे शतक, कर्णधार फैज फझलचा शांत चेहरा हे सगळ्यांना आठवते. पण त्या दिवशी संघाबाहेर एक माणूस बसला होता, त्याच्याविषयी मला बोलायचे आहे. तो माणूस म्हणजे चंद्रकांत पंडित.

खेळाडू म्हणून पंडितांचा हिशेब काय? पाच कसोट्या आणि छत्तीस एकदिवसीय सामने, सारे १९८६ ते १९९२ या काळातले. यष्टिरक्षक म्हणून संघाला किरण मोरे हवे असत. मोऱ्यांच्या एकोणपन्नास कसोट्या झाल्या. पंडितांना कधी यष्ट्यांमागे, तर कधी नुसता फलंदाज म्हणून जागा मिळे, आणि ती पुढच्या सामन्यात राहीलच असे नसे. प्रथम श्रेणीत त्यांनी आठ हजारांवर धावा केल्या. मुंबई सोडून मध्य प्रदेशाकडून खेळले, तिथे कर्णधार झाले. १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर त्यांच्या संघाने पहिल्या डावात आघाडी घेतली आणि तरीही कर्नाटकाकडून हार खाल्ली. आपल्याकडे अशा माणसाविषयी लोक म्हणतात, 'चांगला होता, पण नाव काही झाले नाही.' आणि विषय संपतो.

पंडितांचा विषय मात्र तिथून सुरू झाला. प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ असे तीन रणजी करंडक मिळवून दिले. २०१६-१७ ला मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली, आणि पुढच्या हंगामाआधी मुंबईने त्यांना निरोप दिला. ते नागपूरला आले. गंमत पाहा, मुंबईचा तो पराभव इंदूरलाच झाला होता; वर्षभराने त्याच मैदानावर ते विदर्भासोबत जिंकले. २०१८-१९ ला पुन्हा जिंकले, तेव्हा समोर सौराष्ट्र होते. मग मध्य प्रदेशाकडे गेले आणि जून २०२२ मध्ये, जिथे कर्णधार म्हणून हरले होते त्या चिन्नास्वामीवर, तेवीस वर्षांनी मुंबईला हरवून करंडक घेतला. त्या दिवशी ते मैदानात रडले. ते चित्र दूरदर्शन संचावर पाहताना आमच्या वसतिगृहात कुणी हसले नाही.

या अंतिम सामन्यात मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. त्यांनी प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा काढल्या, पण भारताची टोपी एकदाही डोक्यावर चढली नाही. शेवटी आसाम, आंध्र अशी पाहुण्यांची पंगत करीत खेळले. हेच मुझुमदार भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक असताना २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. साखळीत तीन सामने ओळीने हरल्यावर हा संघ पुन्हा उभा राहिला, हे विशेष. आणि पंडित व मुझुमदार दोघेही ज्यांचे शिष्य, त्या रमाकांत आचरेकर सरांची स्वतःची प्रथम श्रेणीची कारकीर्द किती? एक सामना. विदर्भाच्या विजयी संघाला गोलंदाजी शिकवणारे सुब्रतो बॅनर्जी घ्या. १९९२ च्या जानेवारीत सिडनीला त्यांनी एक कसोटी खेळली, तीन बळी घेतले, त्यानंतर दुसरी कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही.

हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. ज्याच्या हाताला देवाने सगळे दिले आहे त्याला ते कसे घडते हे सांगता येत नाही. विचारले तर तो म्हणतो, 'असे मारायचे', आणि मारून दाखवतो. जो काठावर राहून टिकला त्याला मात्र प्रत्येक चेंडूचा हिशेब ठेवावा लागला. कोणती चूक किती महाग पडते, हे त्याने स्वतःच्या खिशातून भरले आहे. बाकावर बसलेल्या बाराव्या मुलाच्या पोटात काय कालवते ते त्याला ठाऊक असते. दुसऱ्याच्या गावी, दुसऱ्याच्या संघात, परका म्हणून राहण्याची सवय त्याला असते. म्हणून तो मुंबईचा असून नागपूरच्या मुलांना आपला वाटू शकतो.

एक खुलासा करतो. विदर्भाच्या विजयाचे सारे श्रेय एका माणसाच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. वसीम जाफर आणि गणेश सतीश हे बाहेरून आलेले अनुभवी फलंदाज संघात होते, आणि नागपूरच्या अकादमीची मशागत त्याआधी कित्येक वर्षे चालू होती. तसेच पंडितांच्या कडक शिस्तीचे सरसकट पोवाडेही मला गायचे नाहीत. २०२२ मध्ये कोलकाता नाइट रायडर्सने त्यांना नेमले. तिथे ती शिस्त जुन्याजाणत्या परदेशी खेळाडूंना जाचली आणि एकाने तसे उघडपणे बोलून दाखवले. २०२४ ला संघ जिंकला तेव्हा बरेचसे कौतुक मार्गदर्शक गौतम गंभीरांच्या वाट्याला गेले. २०२५ ला संघ आठवा आला आणि जुलैत पंडित बाजूला झाले. छडी घेऊन उभे राहणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पंडितांकडून घ्यायचे ते छडी नव्हे, तर रोज सकाळी मैदानावर हजर असणे.

आता आपल्याकडे वळू. चंद्रपूर-गडचिरोलीत मैदाने नाहीत असे आज म्हणवत नाही. बल्लारपूरजवळ विसापूरला मोठे क्रीडा संकुल उभे आहे. मुलांत दम नाही असेही नाही. ज्या २०१८ साली विदर्भ जिंकला, त्याच वर्षी मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले. दहा जणांची तुकडी होती. त्यांना आधी दार्जिलिंग, लडाख अशा ठिकाणी नेऊन महिनोन्‌महिने शिकवले होते. उपजत काटकपणावर विसंबून कुणी त्यांना थेट हिमालयाच्या पायथ्याशी सोडले नव्हते. आमच्या कबड्डी संघाला मात्र नेमके तसेच सोडले जाते.

यात क्रीडा विभागाच्या सरांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. एकटा माणूस, त्याने आठ खेळ पाहायचे, नॅकच्या फायली भरायच्या, परीक्षेच्या पर्यवेक्षणाला बसायचे आणि संमेलनात मंडपाचीही व्यवस्था बघायची. अमेरिकेत विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला (त्यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायचा) पूर्णवेळ प्रशिक्षकांची फौज असते. व्यावसायिक संघांमधून चार-पाच वर्षे इकडून तिकडे फिरून नाव न झालेले खेळाडूही त्यांत असतात. कित्येक राज्यांत तर सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा प्रशिक्षक असतो. ते टोक आपल्याला नको, परवडणारही नाही. पण अर्धवेळ मानधनावर एक माणूस?

आणि तो माणूस आपल्याजवळ आहे. आमच्या वसतिगृहात राहून गेलेला एक दादा विद्यापीठाच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळायचा. गुडघा गेला, खेळ संपला, बी.ए.चे शेवटचे वर्षही राहिले. आता तो ऑटो चालवतो. रविवारी सकाळी सवारी नसली की मैदानावर येतो आणि फुकट शिकवतो. 'चढाईवाल्याच्या हाताकडे पाहू नको रे बाबू, हात खोटं बोलते. कमरेकडे पाय,' हे त्याचे एक वाक्य मला दोन वर्षांच्या निवड चाचण्यांपेक्षा जास्त शिकवून गेले. मागच्या वर्षी 'बाहेरच्यांना प्रवेश नाही' म्हणून त्याला फाटकावर अडवले. तो काही बोलला नाही, ऑटो वळवून निघून गेला. तीन रविवार आला नाही.

त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, ही अडचण मला सांगितली जाते. ती खोटी नाही. पण पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो. प्रवेशाच्या अटी पाहून आपल्या महाविद्यालयाचा एखादा माजी खेळाडू दरवर्षी तिथे पाठवावा, परतल्यावर त्याला सकाळचे दोन तास मानधनावर ठेवावे, आणि त्यातला एक तास मुलींच्या संघासाठी राखावा, कारण त्यांना तर निवडीच्या दिवसाखेरीज मैदान दिसतच नाही. पैसा कुठून, असे कोणी म्हणेल. प्रवेशाच्या वेळी आपण सगळे क्रीडा शुल्क भरतो. त्यातला किती भाग ढाली आणि हारतुऱ्यांवर जातो हे एकदा जाहीर केले तर उत्तर आपोआप सापडेल.

या मागणीचा अर्ज आम्ही महाविद्यालय विकास समितीसाठी लिहिला आहे. हा मजकूर छापायला जाईपर्यंत त्यावर एकतीस सह्या झाल्या असून त्यांत तीन प्राध्यापकांच्या आहेत. अर्ज वाचनालयात, वृत्तपत्रांच्या टेबलाजवळ ठेवला आहे. पेन तिथेच दोरीने बांधलेले आहे.