कशावरून?

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी गेली दोन वर्षं आमच्याकडे राहून पुण्यात शिकते. बी.ए.चं दुसरं वर्ष, विषय इतिहास. या हिवाळ्यात कॉलेजने सगळ्यांना शोधप्रकल्प दिला. एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रीशिक्षणाशी जोडलेली एक व्यक्ती निवडायची आणि तिच्यावर अडीच हजार शब्द लिहायचे. हिने घरी येऊन विचारायच्या आधीच नाव देऊन टाकलं होतं, फातिमा शेख. ‘‘वर्गात आम्ही तिघीच मुस्लिम मुली आहोत, खाला. मी नाही लिहिणार तर कोण लिहिणार?’’

चार संध्याकाळींत तिने लेख पूर्ण केला. मी चपात्या लाटत होते आणि ती ओट्याशी उभी राहून वाचत होती. ‘त्यागमूर्ती’, ‘ज्ञानज्योती’, ‘अंधाराला भेदणारी’ असे शब्द एकामागून एक येत होते. फातिमा पुण्याच्या गल्लीगल्लीत फिरते आहे, दारं तोंडावर बंद होताहेत, तरी ती आईबापांची समजूत घालते आहे... खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. ‘‘छान झालंय, दे उद्या,’’ म्हटलं.

आठवड्याने वही परत आली. गुण नव्हते, लाल शाईही नव्हती. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात एकच शब्द लिहिलेला होता, ‘कशावरून?’ आणि तो नऊ ठिकाणी होता.

त्या रात्री पोरगी जेवली नाही. ‘‘मॅडमना आपली माणसं पुस्तकात नकोच आहेत,’’ म्हणाली. मी तिला समजावलं नाही, कारण मनात मलाही थोडं तसंच वाटलं होतं. पण माझे अब्बा कुणी काही ऐकीव सांगितलं की हातातला चहा खाली ठेवून विचारायचे, ‘‘रावी कोण?’’ म्हणजे हे तुझ्यापर्यंत आणलं कोणी? ते आठवलं. मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो.

पहिला ‘कशावरून?’ जन्मतारखेपाशी होता, 9 जानेवारी 1831. मोबाइलवर ती सगळीकडे आहे. 2022 साली त्या दिवशी गूगलने आपल्या पानावर फातिमा शेख यांचं चित्रही लावलं होतं. भाचीने लायब्ररीत दोन दिवस घालवले, पण त्या काळातल्या एकाही कागदावर तिला ही तारीख सापडली नाही. एकाने दुसऱ्याकडून घेतली, दुसऱ्याने तिसऱ्याकडून, असं मागे मागे जात ती प्रत्येक वेळी अलीकडच्याच लेखाशी येऊन थांबत होती.

चौथा प्रश्न घरोघर फिरण्यापाशी होता. ‘‘हे कुठून घेतलंस?’’ मी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. ‘‘खाला, हे तर तुम्हीच सांगितलं होतं. तुमच्या लेखातही आहे.’’

खरंच आहे. तीन वर्षांपूर्वी याच सदरात मी ते लिहिलं होतं, गल्ल्या, बंद दारं, सगळं. आणि मला कुठून मिळालं? खूप आठवल्यावर लक्षात आलं की शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेसाठी मला एक भाषण लिहून मिळालं होतं. ते पाठ केलं, बक्षीस आणलं आणि भाषण डोक्यात राहिलं. लिहून देणाऱ्याने कुठून घेतलं, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. नंतर ते माझंच झालं.

नऊ प्रश्नांपैकी एका ठिकाणी मात्र जमीन लागली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय छापलं आहे. त्यात त्यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आहेत. पहिल्यावर तारीख आहे 10 ऑक्टोबर 1856. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी, नायगावला आहेत. भावाने खूप सेवा केली, आता बरं वाटतंय, पूर्ण बरी झाले की पुण्याला येते, असं त्या लिहितात. आणि तिथेच, ओघात, फातिमाचा उल्लेख येतो. तिच्यावर ताण पडत असणार, पण ती कुरकुर करणारी नाही, अशा अर्थाचा. बस, एवढंच. पुढे पत्र भावाशी झालेल्या वादाकडे वळतं. महार-मांगांसाठी काम करता म्हणून भाऊ बोलतो, आणि सावित्रीबाई त्याला उत्तर देतात की तू नागपंचमीला सापाला दूध पाजतोस आणि तुझ्यासारख्याच माणसांना मात्र शिवून घेत नाहीस.

‘‘एवढंच?’’ भाची म्हणाली. तिचा चेहरा उतरला. तिला तिथे दोन-चार पानं हवी होती.

पण ती ओळ तिने चार-पाच दिवस सोबत बाळगली. ताट वाढताना, कपडे वाळत घालताना मध्येच बोलायची. ‘‘खाला, त्यांनी आडनाव लिहिलं नाही. नुसतं फातिमा.’’ म्हणजे जोतीरावांना कोण ते सांगावं लागत नव्हतं. घरातल्या माणसाचं नाव घ्यावं तसं घेतलंय. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘‘आपण नसताना भार कोणावर पडणार, हे सावित्रीबाईंना आजारपणातही पहिल्यांदा आठवतंय.’’ तिसऱ्या दिवशीचं तर मला फार आवडलं. ‘‘सावित्रीबाईसुद्धा अंदाजच करताहेत. त्या नायगावला, फातिमा पुण्यात. म्हणून ‘असेल’ म्हणतात, ‘आहे’ म्हणत नाहीत. मग मी कोण ‘होतीच’ म्हणणारी?’’

दुसरा खर्डा तिने तिथूनच सुरू केला. जन्म, बालपण, आईवडील हे नेहमीचं दार सोडून थेट 1856 च्या ऑक्टोबरमध्ये शिरली. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे कागदावर असलेलं, उजवीकडे आपल्याला वाटतं ते. पहिल्या लेखातली बहुतेक वाक्यं उजवीकडे गेली, आणि तिथूनही बरीच केराच्या टोपलीत. काही वाक्यं रेघेवर अडकली. 1849 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं तेव्हा गंज पेठेतल्या उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, आणि फातिमा ही त्यांची बहीण, असं परंपरेने सांगितलं जातं. ती वाक्यं तिने ठेवली, पण ‘सांगितलं जातं’ या शब्दांसकट. सावित्रीबाईंच्या शेजारी बसलेल्या स्त्रीचा जो फोटो आपण फातिमा शेख म्हणून सगळे एकमेकांना पाठवतो, त्याच्याखालीही तसंच लिहिलं. विशेषणं काढताना तिला सर्वांत जास्त त्रास झाला. ‘त्यागमूर्ती’ खोडताना म्हणाली, ‘‘आपल्याच माणसाच्या अंगावरचा दागिना उतरवल्यासारखं वाटतंय.’’

आणि शब्द? भर काढून टाकल्यावर नऊशे उरले. अडीच हजारांचं काय करायचं? मैत्रीण म्हणाली, मोबाइलला सांग, तो पाच मिनिटांत लिहून देतो. हिने तेही करून बघितलं. त्याने 9 जानेवारी आणि गल्लीबोळं परत आणून दिली! मग तिने पत्राच्या आजूबाजूचं वाचायला घेतलं. त्या वर्षांत पुण्यात मुलींच्या शाळा कशा चालत होत्या, 1852 मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला तो कशासाठी, विरोध कोणत्या तऱ्हेचा होता. जिच्यावर ‘ताण पडत असणार’ ती बाई कोणत्या कामात उभी होती, हे त्यातून दिसायला लागलं. लेख सोळाशे शब्दांवर थांबला. पुढे ओढायला तिने नकार दिला.

मॅडमनी या वेळी वही हातात दिली आणि तिला बसवून घेतलं. म्हणाल्या, 2025 च्या जानेवारीत एका लेखकाने जाहीर करून टाकलं की फातिमा शेख हे पात्र मीच रचलं. देशभर गदारोळ झाला. ज्यांनी त्याला ठामपणे उत्तर दिलं त्यांच्या हातात काय होतं? जन्मतारीख होती? गल्लीतली बंद दारं होती? त्यांनी 1856 चं ते पत्र पुढे ठेवलं. ‘‘तुझा पहिला लेख त्या दिवशी वर्गात वाचला असता, तर एका प्रश्नात पडला असता. हा नाही पडणार.’’ माझ्या मनात त्यांच्याविषयी जे आलं होतं, त्याची मला लाज वाटली. घरी आल्यावर भाचीने हे सांगितलं तेव्हा मी भांडी घासत होते, पाठमोरी होते ते बरंच झालं.

तेव्हापासून आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोरीची दहशत बसली आहे. काही आलं की हिचा एका शब्दाचा प्रश्न ठरलेला. तिच्या मामूजानने ग्रुप सोडायची धमकी दिली आहे.

मागच्या महिन्यात गावी जाताना आमची एसटी शिरवळला थांबली. नायगाव तिथून जवळच. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘इथून पुण्याला पत्र गेलं. फातिमाला कोणी सांगितलं असेल का, की बाईंनी तुझी आठवण काढली आहे?’’ मी काही बोलले नाही. उजव्या बाजूच्या रकान्यातला प्रश्न होता, पण मला तो खोडावासा वाटला नाही.

आता माझं देणं. तीन वर्षांपूर्वी याच पानावर मी फातिमा शेख यांची जन्मतारीख आणि त्या घरोघर फिरून मुली जमवत असल्याचं वर्णन छापलं होतं. माझ्याकडे त्याला पाठ केलेल्या भाषणापलीकडे काही आधार नव्हता. ज्या वाचकांनी तो लेख कापून ठेवला असेल, शाळेतल्या भाषणासाठी मुलींना दिला असेल, त्यांनी ती दोन वाक्यं खोडावीत आणि त्यांच्या जागी 10 ऑक्टोबर 1856 च्या पत्राचा उल्लेख लिहावा, ही विनंती.

हा लेख पाठवण्यापूर्वी भाचीला वाचायला दिला. सुरुवातीला मी ‘अकरा ठिकाणी’ असं लिहिलं होतं. तिने समासात पेन्सिल टेकवली. मी तिची जुनी वही काढून मोजलं. नऊच होते. वर दुरुस्त केलं आहे.