चिखल चाटणारे नवरदेव

प्रताप नगरात आमच्या रूमसमोर एक रिकामा प्लॉट आहे. पाऊस उघडला की तिथल्या चिखलावर फुलपाखरं दाटीवाटीनं बसतात. फुलं सोडून हे चिखल काय चाटतात, असा प्रश्न मला नेमका सबमिशनच्या दिवशी पडला (असे प्रश्न त्याच दिवशी पडतात).

शोधलं तर उत्तर मजेशीर निघालं. चिखलावरचे हे पाहुणे बहुतेक सगळे नर असतात. त्यांना हवं असतं मीठ, म्हणजे सोडियम. मकरंदात ते फारसं नसतं. बरं, हे मीठ सगळं स्वतःसाठी नाही. मीलनाच्या वेळी नर शुक्राणूंची एक पिशवी मादीला देतो. अनेक जातींत हे सोडियम त्या पिशवीतून मादीकडे जातं आणि पुढे अंड्यांत उतरतं. पिशवीत प्रथिनंही असतात. कॅरोल बॉग्ज आणि लॉरेन्स गिल्बर्ट यांनी १९७९ मध्ये किरणोत्सारी खूण केलेली अमिनो आम्लं वापरून दाखवून दिलं, की नराकडचा माल खरोखरच अंड्यांत पोचतो. युरोपात हिरव्या शिरांचं एक पांढरं फुलपाखरू आहे. त्याची पिशवी नराच्या वजनाच्या १५ टक्क्यांपर्यंत भरते. म्हणजे आपल्या ६० किलोच्या मित्रानं ९ किलोचा आहेर द्यायचा! लगेच दुसऱ्यांदा द्यायची वेळ आली, तर पिशवी लहान होते. तिजोरी रिकामी.

आपल्याकडे रुईवर वाढणारा प्लेन टायगर घ्या. त्याचा नर खुळखुळ्यासारख्या झाडांतून कडू विष शोषतो आणि त्यापासून मादीला भुलवणारा गंध बनवतो. त्याच्या अमेरिकेतल्या भावकीत तर तेच विष आहेरात मादीला मिळतं, आणि तिच्याकडून अंड्यांना. त्या विषामुळे अंड्यांचं रक्षण होत असावं.

आता आपल्याकडचे नर. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. तरी प्लेसमेंट झालं रे झालं, की घरी मुलाचा भाव निघतो. हुंडा म्हणत नाहीत हं! 'फ्लॅटला थोडा हातभार', 'तुमच्या मुलीलाच होईल'. मागच्या उन्हाळ्यात ताईच्या बैठकीत मी कोपऱ्यात बसलो होतो. मुलगा इंजिनिअर. त्याच्या मामांनी कागदावर आकडा लिहून तो बाबांकडे सरकवला. बाबांनी चष्मा लावला, वाचला, आणि पाणी मागितलं. मुलगा मोबाईलमध्ये बघत होता. वर मामा म्हणाले, "मुलाकडची बाजू वरचढ असायचीच, निसर्गाचा नियम आहे."

कुठल्या निसर्गाचा, मामा?

कुणी म्हणेल, किड्यांवरून माणसाला शिकवू नकोस. पटतं. नर फुलपाखरू काही संत नाही. टॉनी कोस्टरचा नर मीलनानंतर मादीला चक्क बूच लावून जातो, दुसऱ्या नराला वाट बंद! तो हिरव्या शिरांचा पांढराही मादीला असा वास चिकटवून जातो, की इतर नर फिरकत नाहीत. म्हणजे मालकी गाजवणं तिथंही आहेच. तेव्हा फुलपाखराला मी आदर्श मानत नाही. मात्र बैठकीत निसर्गाची साक्ष काढणाऱ्यानं आधी चिखलापाशी जाऊन बघावं, की देतं कोण नि घेतं कोण.

ते लग्न मोडलं. ताईनंच नको म्हटलं. मीही घरी सांगून टाकलंय, की माझ्या बैठकीत कागद-पेन दिसता कामा नये. आई म्हणाली, "आधी ते मॅथ्स-थ्रीचं बॅकलॉग तर काढ."