फी आपली, मैदान कोणाचं?



आंतरविद्यापीठ बेसबॉलचा विषय काढला की आपले कार्यकर्ते हसतात. अमेरिकेचा खेळ, आपला काय संबंध? संबंध आहे.

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. त्याआधी साठेक वर्षं मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूला प्रवेश नव्हता आणि तसा कायदाही कुठे नव्हता. कायदा नसताना पाळली जाणारी बंदी काय असते, हे आपल्याला कोणी समजावायची गरज नाही. पंधराच दिवसांनी, २९ एप्रिलला, आपल्या संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारं कलम स्वीकारलं. अमेरिकेतली महाविद्यालयीन बेसबॉलची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाही त्याच वर्षीची.

दार उघडलं. आत कोण गेलं?

त्या महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये आज काळी मुलं थोडीच दिसतात. बंदी कसलीच नाही, पण हिशेब बघा. २०२५ पर्यंत अव्वल विभागातल्या संघाला जास्तीत जास्त ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्या मिळत. त्या दोन डझनांहून जास्त मुलांत तुकडे करून वाटायच्या, उरलेली फी आईबापांनी भरायची. अमेरिकन फुटबॉलच्या संघाला मात्र ८५. शिवाय लहानपणापासून खासगी प्रशिक्षण आणि गावोगावचे दौरे. गरीब पोरगा निवड चाचणीआधीच बाद.

आपल्याकडे जात आणि पैसा दोन्ही आडवे येतात. पालवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून जास्त बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही; ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलना मिळालं. (१९३७ मध्ये बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध लढले आणि हरले. तो राजकीय हिशेब वेगळा, त्यासाठी त्यांची गोलंदाजी नाकारायचं कारण नाही.)

आता रेडीचं बघू. सिंधुदुर्गातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली. रेडीच्या मुलीला मुंबईत चाचणीला बोलावलं तर एक रात्र प्रवासात जाते. वर भाडं, राहणं, ग्लोव्ह, बूट. आई वेंगुर्ल्याला काजू कारखान्यात असेल तर हा खर्च कुठून काढायचा? मग ‘आमच्या पोरांना खेळाची आवडच नाही’ हे कॉलेजनेच म्हणायचं! सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यातल्या अनुसूचित जातीच्या जागेसाठी आपल्याकडे प्रमाणपत्रच नसेल तर ती जागा काय कामाची?

म्हणून वर्गणी काढून एका पोराला बूट घेऊन देण्यावर आम्ही समाधानी नाही. प्रवेश घेताना क्रीडा शुल्क घेतलं जातं. ते किती जमलं, कोणत्या खेळावर खर्च झालं, निवड चाचणीची सूचना कधी लावली, प्रवासभत्ता कोणाला दिला, हे प्रत्येक अनुदानित कॉलेजला लेखी विचारा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.